फाईलला पाय फुटले

आमच्या केंद्रात पाय तयार होतात. हातही होतात, पण पायांना मागणी जास्त. त्यामुळे मापांची फाईल पहिल्यांदा नाहीशी झाली तेव्हा प्लास्टरमास्तर म्हणाले, इतक्या जणांना पाय दिले, आता फाईललाही फुटले. सगळे हसले, मीसुद्धा हसले. दुसऱ्या वेळी त्यांनी तोच विनोद केला तेव्हा मी त्यांच्याकडे असं बघितलं, की हातातली पट्टी तशीच पाण्यात सोडून ते मागच्या दाराने बाहेर गेले. तिसऱ्या वेळी कोणी तोंडच उघडलं नाही.

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. घरी सांगतात, कामावर सांगतात, आणि दोन्हीकडे माझ्या माघारी सांगतात. पण ती फाईल मी चौदा वर्षं सांभाळली आहे. अकरा जाड वह्यांमधली मापं एकेक करून तिच्यात मी उतरवली. उरलेल्या पायाचा घेर, दर दोन बोटांवर एक. लांबी. कुठे दाब चालतो, कुठे नुसतं बोट लागलं तरी माणूस कळवळतो. पाय कापल्यावर उरलेला भाग वर्षभर बारीक होत जातो, मधेच सुजतो, म्हणून जुनी मापं नव्याइतकीच लागतात. मापं चुकली की साचा चुकतो, साचा चुकला की पाय टोचतो, आणि टोचणारा पाय माणूस खाटेखाली सरकवून परत कुबड्या घेतो.

तर फाईलचं नाव 'मापे'. ती राहते स्टोअरच्या फडताळातल्या एका पेटीवर, जिला सर्व्हर म्हणायचं. केंद्रातले सातही कॉम्प्युटर तिथे जाऊन तीच एक फाईल उघडतात. त्या सामायिक जागेला आम्ही 'शेअर' म्हणतो, आणि सामायिक जागेचं जे होतं तेच तिचं होतं. जिन्याखाली कशी सगळ्यांची मोडकी छत्री आणि रिकामी खोकी जमतात, तसं. 'नवीन फोल्डर', 'नवीन फोल्डर दोन', 'कॉपीची कॉपी', कोणाच्या तरी भाचीचे फोटो. रोज सकाळी आठला आले की पर्स खाली ठेवायच्या आधी मी शेअर झाडून घेते. धड नाव नसलेलं काही दिसलं की पुसायचं. शेअरवरून पुसलेलं कचरापेटीतही जात नाही, गेलं ते गेलं. या झाडलोटीचा मला फार अभिमान होता.

आता धाकटीचं सांगते. धाकटी म्हणजे माझी जाऊ, दिरांची बायको. बारा वर्षं आम्ही एका घरात आहोत, एका ओट्यावर स्वयंपाक करतो. सहा वर्षांपूर्वी मीच तिला केंद्रात चिकटवली. पहिल्या दिवशी तिने माऊस टेबलावर फिरवायचा सोडून उचलून पडद्यासमोर धरला होता. बाकीचे फिसफिसले, पण मी एकालाही हसू दिलं नाही. शेजारी खुर्ची ओढून तीन महिने शिकवलं तिला. सकाळी एक बस, दोघींचे डबे एका पिशवीत, पिशवी कधी तिच्याकडे कधी माझ्याकडे. ती मला ताई म्हणते, मी तिला धाकटे म्हणते, आणि केंद्रातही तिला तेच नाव पडलं. मोठ्या मॅडमपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांची ती धाकटी.

गेल्या वर्षी तिच्या हातून एक घोळ झाला होता. माऊस दाबलेला राहिला आणि अख्खं फोल्डर शेजारच्या फोल्डरच्या पोटात गेलं. अर्धा दिवस सगळे शोधत होते. मॅडमना मी सांगितलं, माझाच हात सरकला. त्यावर धाकटी बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली होती. हे मी विसरले नाही, म्हणून सांगते.

मापं घ्यायचा दिवस मंगळवार, दुपारी दोन ते पाच. या पावणेदोन महिन्यांत सासूबाईंच्या डोळ्यांत इंजेक्शनं सुरू झाली आणि डॉक्टरांनी नेमकी मंगळवारचीच वेळ दिली. त्यांना माझ्याशिवाय कोणी चालत नाही, म्हणजे धाकटी चालत नाही, कारण ती फार हळू चालते असं त्यांचं म्हणणं. ब्याऐंशीव्या वर्षी. मग मी मंगळवारी साडेतीनला निघायचे आणि मापं भरायचं काम धाकटीवर सोपवायचे. आणि बुधवारी सकाळी येऊन बघावं तर 'मापे' नाही.

पहिल्या बुधवारी मी सगळी पेटी पालथी घातली. शनिवारची प्रत होती ती परत ठेवली, सोमवारी केलेल्या दुरुस्त्या प्रत्येकाला विचारून भरल्या, पण मंगळवारची नऊ माणसं गेली ती गेलीच. कागदावर काही नव्हतं. एकच गोष्ट दोनदा लिहू नका असं फर्मान मॅडमनी दोन वर्षांपूर्वीच काढलं होतं. नवांना फोन करून परत बोलवायची वेळ आली, आणि ते फोन मी केले.

त्या नवांत एक शिंपी होते. डावा पाय गुडघ्याखाली नाही, आणि शिवणाची मशीन पायाची. दोन बस बदलून कुबड्यांवर यायचे. पहिल्यांदा परत आले तेव्हा हसत म्हणाले, आमच्यात माप हरवलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या शिंप्याकडे जातं, इथे दुसरा शिंपीच नाही म्हणून तुमचं फावतंय. दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हा हसले नाहीत. तिसऱ्यांदा मी त्यांना पाणी द्यायला गेले तर त्यांनी पेला घेतला, बाजूला ठेवला आणि शांतपणे म्हणाले की आता मापासाठी परत बोलावलंत तर येणार नाही, कुबड्यांवर चालेल माझं. मला वाटलं, यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिसऱ्या वेळी फाईल गेली त्याच दिवशी मला मॅडमनी बोलावलं होतं. त्या ओरडल्या असत्या तर मी उलट ओरडले असते आणि प्रकरण मिटलं असतं. पण त्या हळू बोलल्या. बाहेरची एक कंपनी मापं ठेवायचं काम करते, तिची सगळी व्यवस्था तयार आहे. अजून एकदा फाईल गेली तर काम तिकडे जाईल, आणि मी चौकशीच्या खिडकीत बसायचं. खिडकीत काय करायचं, तर येणाऱ्याला लघवीची जागा कुठे आणि चपला कुठे ते सांगायचं. चौदा वर्षं हजारो माणसांचे पाय मी मनात धरून ठेवले होते. रस्त्यात कोणी भेटला तर नाव आठवणार नाही, पण घेर सांगेन. ते सगळं काढून मला खिडकीत बसवणार होते.

नेटवर्कवाला बाहेरून आठवड्यातून एकदा येतो. खिशात स्क्रूड्रायव्हर असतो, पण त्याने कधी काही उघडलेलं मी पाहिलेलं नाही. पहिल्या वेळेनंतर त्याने पेटीवर एक नोंद चालू करून दिली होती. कोण आलं, काय उघडलं, काय पुसलं, सगळं वेळेसकट लिहिलं जातं, तिला लॉग म्हणतात. तो लॉग वाचायचा पासवर्ड त्याच्याकडेच, आणि हा बाबा पुढचे दोन्ही आठवडे रजेवर. त्याच्या जागी आलेल्या माणसाने दोन वायरी हलवून बघितल्या, आता होणार नाही म्हणाला, चहा घेतला आणि गेला.

तिसऱ्या वेळेनंतर मी धाकटीला म्हटलं होतं, बाई गं, मॅडम काही म्हणोत, तू कागदावरही उतरवून ठेव. ती म्हणाली, ताई, मॅडमनी मनाई केली आहे, मी कशी लिहू. मला तेव्हा कौतुक वाटलं. नियमाने वागणारी पोर, म्हटलं.

चौथा मंगळवार आला, मी सासूबाईंना घेऊन गेले. बुधवारी आठला येऊन बघते तो फाईल नाही.

मॅडम अकराला येणार होत्या, म्हणजे माझ्याकडे तीन तास होते. सुदैवाने त्या दिवशी नेटवर्कवाला आधीच येऊन स्टोअरमध्ये पेटीपुढे स्टूल टाकून बसला होता, म्हणून मला शेअर झाडायलाही वेळ मिळाला नाही. त्याने लॉग उघडला आणि बोट ठेवून वाचला. मंगळवार, पाच वाजून आठ मिनिटं, मापे, पुसली. आणि पुढे नाव. धाकटीचं खरं नाव, जे केंद्रात कोणी घेत नाही. आधीचे दोन मंगळवारही तेच. तीच वेळ, दोन-चार मिनिटं इकडे तिकडे, तेच नाव.

तो मागून काहीतरी म्हणत होता, थांबा, पुढचं बघा म्हणत होता. पण मी थांबले असते तर मी कसली.

प्लास्टरखोलीत धाकटी कोपरापर्यंत पांढरी होऊन उभी होती. मास्तर होते. शिंपी स्टुलावर बसले होते, आदल्या दिवशी घेतलेल्या त्यांच्या साच्याची चाचणी होती. मी दारातूनच सुरू केलं. काय काय बोलले ते सगळं आता सांगत नाही, लाज वाटते. पण एक सांगते, की मी माऊसचंही काढलं. जिला माऊस हवेत धरायचा की टेबलावर हे कळत नव्हतं तिला मी माणसात आणलं, असं मी चारचौघांत बोलले. मास्तरांनी उगाचच नळ सोडला. शिंपी जमिनीकडे बघत राहिले.

"बारा वर्षं तुला धाकटी बहीण मानलं," मी म्हटलं, "आणि तू केसाने माझा गळा कापलास."

"मी काही पुसलं नाही, ताई," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी कोरडा होता.

चोराच्या उलट्या बोंबा, म्हणून मी पाय आपटत परत स्टोअरमध्ये आले. नेटवर्कवाल्याने माझ्यासाठी दुसरं स्टूल ओढून ठेवलं होतं. म्हणाला, बसा आणि आधी पूर्ण वाचा. पाच आठला 'मापे' पुसली गेली आणि त्याच सेकंदाला 'Database1' नावाची फाईल पूर्ण झाली. त्याच सेकंदाला. माणसाचा हात असा चालत नाही, हे प्रोग्रॅमचं काम आहे.

मग त्याने समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. फाईल दिवसभर वापरून विस्कटते. म्हणून मीच फार वर्षांपूर्वी तिला सांगून ठेवलं होतं, की संध्याकाळी शेवटचा माणूस तुला बंद करेल तेव्हा तू स्वतःला आवरून घे. ती आवरते कशी, तर आपण डब्यातलं धान्य निवडून दुसऱ्या स्वच्छ डब्यात भरतो तशी. नवा डबा भरायचा, जुना फेकायचा, आणि जुन्याचं लेबल काढून नव्यावर चिकटवायचं. रोज शेवटी उठायचे मी, माझ्या नावाने हे सगळं सुरळीत व्हायचं. मंगळवारी शेवटी उठायची धाकटी. तिच्या वेळी नवा डबा भरला जायचा, जुना फेकला जायचा, पण लेबल चिकटवायची तिला परवानगी नव्हती. तिच्या नावावर त्या फोल्डरमध्ये कुलूप होतं. नवं ठेवता येईल, पण पुसता येणार नाही आणि नाव बदलता येणार नाही. फक्त जुनी 'मापे' तेवढी तिला मोकळी.

"हे असलं अर्धवट कुलूप कोणी घातलं?" त्याने विचारलं.

मी घातलं होतं. गेल्या वर्षीच्या त्या घोळानंतर, ती माझ्या खांद्यावर रडली त्याच्या दुसऱ्या दिवशी. तिला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर वाईट वाटेल, असं मी स्वतःला पटवलं होतं. खरं म्हणजे मला तिच्या हाताची खात्री नव्हती, आणि तसं तोंडावर म्हणायची हिंमतही नव्हती. एरवी माझं तोंड एवढं चालतं.

म्हणजे चोर सोडून मी संन्याशाला सुळी दिलं होतं, तेही भर खोलीत. मला इतकं ओशाळं वाटलं की उठून तिचे पाय धरायची तयारी झाली माझी. पण आधी त्याने तो बिनलेबलाचा नवा डबा, म्हणजे 'Database1', उघडून दाखवला. आत सगळं होतं. मंगळवारची दहाही माणसं, शिंप्यांचा घेर दर दोन बोटांना, एक आकडा इकडचा तिकडे नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. नुसतं नाव बदलायचं होतं.

मी विचारलं, आधीच्या आठवड्यांचं हे असंच पडलं असेल, ते कुठे गेलं? त्याने लॉग वर सरकवला. बुधवार, आठ वाजून पाच मिनिटं, Database1, पुसली. त्याच्याआधीचा बुधवार, आठ वाजून चार मिनिटं, Database1, पुसली. पुढे माझं नाव होतं. भरलेला डबा मी दर बुधवारी सकाळी लेबल नाही म्हणून उकिरड्यावर टाकत होते, आणि मग दिवसभर मला कोणी लुटलं म्हणून गाव गोळा करत होते.

मी कपाळावर हात मारून घेतला. इथवर सगळं माझंच होतं. कुलूप माझं, केरसुणी माझी, तोंडही माझंच. इथेच लॉग संपला असता तर आज ही गोष्ट मी हसत सांगितली असती, एका वेड्या बाईची गोष्ट म्हणून.

पण मधल्या दोन ओळी राहिल्या होत्या. मंगळवार, पाच दहा, Database1, उघडली. पाच सोळा, बंद. नाव धाकटीचं. तिन्ही मंगळवारी तेच होतं, उघडली आणि सहा मिनिटांनी बंद.

सहा मिनिटांत काय दिसतं ते मला विचारा. सहा मिनिटांत दहा माणसांची सगळी मापं खालपर्यंत वाचून होतात. आपण अर्ध्या तासापूर्वी स्वतःच्या हाताने भरलेले आकडे कोणाला ओळखू येत नाहीत? तिला माहीत होतं. मंगळवारी संध्याकाळी माहीत होतं, घरी शेजारी बसून जेवताना माहीत होतं, आणि बुधवारी सकाळी मी ते पुसत होते तेव्हा माझ्या टेबलावर चहाचा कप ठेवतानाही माहीत होतं.

नेटवर्कवाला म्हणाला, ते कुलूप मी पहिल्याच आठवड्यात बघितलं होतं. लॉग चालू करायला तुमच्या जाऊबाईंच्या कॉम्प्युटरवर बसलो तेव्हा त्यांना म्हटलंही, ताई, तुमच्या नावावर बंदी आहे बरं का. मला वाटलं तुमचं घरातल्या घरात ठरलेलं असेल.

मी तिला चालायच्या खोलीत बोलावलं. तिथे दोन लांब दांड्या आहेत, धरून चालायला, आणि समोर भिंतभर आरसा, माणसाला आपलं नवं पाऊल दिसावं म्हणून. आम्ही दोघी दांड्यांच्या मधोमध उभ्या राहिलो. तिच्या हातांवरचं प्लास्टर वाळून सुटत होतं.

"सहा मिनिटं काय बघत होतीस?" मी विचारलं.

तिने खोटं सांगायचा प्रयत्नही केला नाही. "सगळं होतं त्यात. शिंपीकाकांचंही."

"आणि सकाळी मी ते पुसत होते तेव्हा?"

"मी शेजारीच उभी होते."

एवढं ती सरळ बोलली. मग तीच पुढे सांगायला लागली. पहिल्या बुधवारी तिने मला विचारलं होतं, ताई, हे Database1 काय आहे. मी मान वर न करता म्हटलं होतं, कचरा आहे, तू हात लावू नकोस. मला ते आठवलं. अगदी माझेच शब्द होते.

"त्याच दुपारी मला कळलं," ती म्हणाली, "की मी हात लावूच नये अशी सोय तुम्ही वर्षापूर्वीच करून ठेवली आहे. त्या संध्याकाळी पिशवी माझ्याकडे होती, ताई. तुमचा डबा मी घरी आणला, मी धुतला."

"मग तोंडावर बोलायचं होतंस."

"तुम्ही कुठे बोललात?"

मी म्हटलं, मी तुझ्या भल्यासाठी केलं, मॅडमसमोर तुझी चूक मी अंगावर घेतली होती. ती म्हणाली, हो, आणि तेव्हापासून मी तुमच्या उपकाराखाली आहे, इथे आणि घरी. सहा वर्षं झाली, इथे माझं नाव कोणाला माहीत नाही. आज तुम्ही माऊसचं बोललात ते घरी दर पाहुण्यापुढे बोलता. सगळे हसतात, मीही हसते.

"नाव नसलं की तुम्ही कचऱ्यात टाकता," ती म्हणाली. "मी नुसतं बघत राहिले, दुसरं काही केलं नाही."

"दुसरं काही केलं नाहीस? तो माणूस तीनदा दोन-दोन बस बदलून आला कुबड्यांवर. राग माझ्यावर होता ना? मग त्याच्या पायावर का काढलास?"

ती दांडी धरून उभी राहिली, आणि मी आरशात तिच्याऐवजी स्वतःकडे बघत राहिले, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं. मला तिची चीड आली होती, पण त्याहून जास्त दुखत होतं ते त्या चहाच्या कपाचं. निदान बुधवारी तरी तिने चहा आणायला नको होता.

अकराला मॅडम आल्या. लॉगचे छापील कागद माझ्या हातात होते, आणि ती सहा मिनिटांची ओळ मी पेनने अधोरेखित केलेली होती. दारापर्यंत मी तो कागद वरच धरला होता. आत जाताना तो खाली घातला. का घातला ते मला नीट सांगता येणार नाही. घरी ओटा एक आहे, सासूबाई आहेत, तिची मुलगी माझ्याकडे अभ्यासाला बसते. आणि तिचं सांगायचं तर ते कुलूप मी तिला न सांगता तिच्याच नावावर घातलं होतं हेही सांगायला लागणार होतं. मी मॅडमना म्हटलं, दोष माझा. कुलूप चुकीचं घातलं, फाईल आवरताना अडकायची, आणि राहिलेली प्रत मीच कचरा समजून पुसायचे. आता सापडलं आहे, मापं सगळी शाबूत आहेत, परत होणार नाही. धाकटीचं नाव मी काढलं नाही.

मॅडमना हायसं वाटलं. म्हणाल्या, मग राहू दे, काम तुमच्याकडेच राहू दे, बाहेरच्यांना मी नको म्हणून कळवते. मी उठले. तेव्हा त्या सहज म्हणाल्या, अगदी कौतुकाने म्हणाल्या:

"तुमची जाऊ फार तयारीची आहे हं. मागच्याच आठवड्यात येऊन गेली. बाहेरची सिस्टीम आली तर चालवायला मी शिकून घेते म्हणाली. तुमच्या पाठीमागे सांभाळणारं कोणी हवंच की."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार. कागद हातात होते ते मी दोनदा घडी घालून पर्समध्ये टाकले. म्हणजे तिने नुसतं बघितलं नव्हतं. फाईल चौथ्यांदा जायची ती वाट बघत होती, आणि मी खिडकीत गेल्यावर माझ्या खुर्चीत बसायची तयारी करून ठेवत होती. आणि मी पाचच मिनिटांपूर्वी तिला पदराखाली घेतलं होतं. परत आत जाऊन सांगावं असं वाटलं. पण मघाशी एक बोलले आणि आता दुसरं, अशा बाईचं कोण ऐकतं?

त्याच दुपारी मी तिच्या नावावरचं कुलूप काढलं. तिच्यासमोर काढलं, तिचं पूर्ण नाव मोठ्याने वाचून. ती थँक्यू मॅडम म्हणाली. ताई नाही, मॅडम. घरी सगळ्यांसमोर ताईच म्हणते, पण तेव्हा माझ्याकडे बघत नाही.

फाईल त्यानंतर एकदाही गेली नाही. शिंप्यांचा पाय झाला. पहिल्या दिवशी दांड्यांमध्ये चार फेऱ्या मारून ते म्हणाले, माप बरोबर आहे, पण टाके जरा सैल घातलेत. मास्तर खूप हसले. दहा दिवसांनी शिंप्यांनी मशीन चालवल्याचा फोन केला, मागे मशीनचा आवाज ऐकवला, आणि मी फोन ठेवून संडासात जाऊन रडून आले.

नेटवर्कवाल्याकडून लॉगचा पासवर्ड मी मागून घेतला. आता सकाळी शेअर झाडत नाही, आधी लॉग वाचते. धाकटीने काय उघडलं, किती वेळ उघडलं. तिला मी हे सांगितलेलं नाही. पण लॉग कोणी उघडला याचीही नोंद त्याच लॉगमध्ये होते, हे मला गेल्या सोमवारी कळलं. माझ्या नावाखाली तिचं नाव होतं. तिनेही मॅडमकडून पासवर्ड घेतला आहे. मी आठ पाचला वाचते, ती आठ चाळीसला, मी प्लास्टरखोलीत गेले की.

संध्याकाळी आम्ही एकाच बसने घरी जातो. पिशव्या आता दोन आहेत.